मिसळीखालचं लाकूड

आमच्याकडे रविवारी सकाळी येणारा माणूस आधी चुलीचा फोटो काढतो आणि मग मिसळ सांगतो. फोटोत जाळ येतो, रश्शाचं पातेलं येतं, पळी धरलेला वहिनींचा हात येतो. मसाल्यात काय घालता, हे सगळेच विचारतात. पातेल्याखाली कोणतं लाकूड जळतंय, कुठून आणलं, कधी तोडलं, हे विचारणारा क्वचित भेटतो. भेटलाच तर त्याचा पाव गार होईपर्यंत मी बोलत राहतो. तेच जरा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

नाशिकजवळचं मखमलाबाद सोडून मातोरी-मुंगसऱ्याच्या बाजूला निघालं की दोन्ही हातांना द्राक्षबागा लागतात. त्यातच आमची पत्र्याची शेड. भाऊ गल्ल्यावर आणि बाजारहाटाला, वहिनी चुलीपाशी आणि मसाल्याच्या डब्यापाशी, आणि मी लाकडाला. मी आधी सातपूरला एका कंपनीत फिटर होतो. त्यामुळे पाना, कानस, प्लग ही कामं घरात न विचारताच माझ्याकडे आली. मग कटर आला, म्हणजे चेन सॉ. आणि कटर ज्याच्या हातात, लाकूडही त्याच्याच डोक्यावर.

आधीच एक सांगून टाकतो. आमची मटकी गॅसवर शिजते. मागच्या बाजूला, कुकरमध्ये, शिट्ट्या मोजून. काही गिऱ्हाइकांना हे कळलं की त्यांचा चेहरा पडतो. चुलीवर असतो तो रस्सा. एका बाजूच्या चुलाणावर तो उकळतो आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, तयार पातेलं नुसतं गरम राहतं. धुरामुळे चव येते, असं म्हणणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. पातेल्यावर झाकण असतं, धूर चुलीच्या तोंडातून बाहेर येतो, तो रश्शात शिरणार कुठून? फरक पडतो तो आचेचा. रुंद बुडाच्या पातेल्याला खालून सगळीकडून सारखी, न भडकणारी आच तास-दोन तास मिळाली की तर्री आपोआप वर येते, तळाला मसाला धरत नाही. गॅसवर हे होत नाही असं नाही, पण बर्नरच्या वर नेमका गोल करपतो आणि पळी सतत फिरवावी लागते.

आणि धूर? तो चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत जातो. आमच्या आईचे डोळे त्याच धुरात गेले. म्हणजे मोतीबिंदू, ऑपरेशन, सगळं झालं. ओलं लाकूड घालायचं, फुंकणीने फुंकायचं, डोळे पुसायचे, पुन्हा फुंकायचं, यात तिची हयात गेली. शेडला धुराडं आहे, चुलीचं तोंड वाऱ्याच्या दिशेने नाही, हे सगळं आम्ही केलं. पण लाकूड ओलं असेल तर धुराडंही हात टेकतं. म्हणून माझ्या लेखी या धंद्यात लाकूड तोडणं हे छोटं काम आणि वाळवणं हे मोठं.

ताज्या तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. सावलीत, वाऱ्यावर नीट वाळलेल्या सरपणात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. चुलीत ओलं लाकूड घातलं की त्याची बरीच ताकद आपलंच पाणी आटवण्यात जाते. टोकातून फेस येतो, सूं-सूं आवाज येतो, आच चढत नाही आणि सगळा धूर. वखारीत वजनावर ओलं लाकूड घेणारा माणूस पाण्याचे पैसे मोजतो. एवढं साधं गणित असून आमच्या धंद्यातले किती जण दर आठवड्याला टेम्पोभर ओली बाभूळ उतरवतात! परवडत कसं, तेच जाणे.

बाभूळ मात्र खरीच राणी. बांधावरची, काळ्या मातीतली, मधलं लाकूड गडद तांबूस असलेली. जड, सावकाश जळणारी, आणि जाळ गेल्यावर निखारा टिकवणारी. आमचा पहिला जाळ पहाटे लागतो. आधी गोवरी, मग पातळ ढलप्या, त्यावर मनगटाएवढ्या फोडी, आणि रस्सा उकळला की बाभळीचं एक जाड लाकूड आत सरकवून बाकीची मागं ओढायची. पुढचा तासभर वहिनी चुलीकडे बघतही नाहीत. सुबाभूळ लवकर वाढते, लवकर वाळते आणि लवकर जळूनही जाते, ती उकळी आणायला बरी. निलगिरी भडकून जळते, कडुनिंबाचा धूर तिखट. आंबा हलका, फोडायला सोपा, पण निखारा लगेच राख होतो. लग्नाचे आचारी पूर्वी लाकूड आलं की आधी हातात उचलून वजन बघायचे आणि तोंड वाकडं करायचे, ते का, हे मला आता कळतं.

नाशिकचं म्हणून वेगळं असं एक सरपण आहे, ते म्हणजे द्राक्षाचं. बाग साधारण बारा-पंधरा वर्षांची झाली की उत्पन्न उतरतं आणि शेतकरी ती काढतो. अलीकडे तेवढीही वाट बघितली जात नाही. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला आणि लांबला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायचा जो काळ, त्यात ऊनच मिळालं नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कित्येक बागा फुटल्या, पण घड नाहीत. आमच्या पट्ट्यात त्या वर्षी बऱ्याच बागा निघाल्या. नऊ बाय पाच फुटांवर लावलेली बाग धरली तर एकरात साडेनऊशेच्या वर वेली बसतात. जेसीबी एका दिवसात ती उलटी करून टाकतो. मग बांधाला ढीग पडतो आणि शेतकरी कुणाला तरी म्हणतो, ‘घेऊन जा बाबा, नाहीतर पेटवून देणार आहे.’ अशा माणसाशी मी दरावर घासाघीस करत नाही. तो जो आकडा बोलेल तो द्यायचा. तिथं उभं राहून पन्नास रुपये कमी करायला जीभ रेटत नाही.

द्राक्षाचं खोड दिसायला बारीक, पण जड आणि कडक. जळतं झकास. त्रास दोन आहेत. पहिला तारेचा. वेल पसरवायच्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलवरची तार कधी कधी ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, आत रुतलेली असते, वरून साल चढलेली, डोळ्याला दिसत नाही. कटर तिच्यावर गेला की एक ठिणगी, एक किंचाळी आणि चेनचे दहा-बारा दात बोथट. म्हणून मी ओलांडे कटरने कापतच नाही. ते कोयत्याने आणि मोठ्या कात्रीने. कटर फक्त खोडाला. दुसरा त्रास मातीचा. जेसीबीने उपटलेलं खोड डॉगरीजच्या खुंटासकट (ज्या रानटी द्राक्षाच्या मुळावर कलम बांधतात तो) येतं आणि मुळांत माती भरलेली असते. माती म्हणजे चेनचा काळ. लाकूड कितीही कठीण असो, ते चेनला एवढं खात नाही जेवढी मूठभर माती खाते. त्यामुळे जमिनीतला भाग ज्याचा त्याला, आम्ही वरचं घेतो.

शिवाय बागेवर वर्षभर फवारे झालेले असतात. मोरचूद आहे, गंधक आहे, बाकीची औषधं आहेत. ते सगळं सालीवर. द्राक्षाची साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटते, ती मी सोलून टाकतो, आणि तरीही हे लाकूड रश्शाच्या चुलीला लावत नाही. त्याच्यावर मागच्या अंगणातला बंब चालतो, भांडी धुवायचं गरम पाणी त्याचं. वहिनींचं म्हणणं, ज्या झाडाला एवढं पाजलं ते माझ्या पातेल्याखाली नको. यावर वाद नाही.

पॅलेटचंही तेच. सातपूर-अंबडला कंपन्यांच्या मागं पॅकिंगच्या लाकडांचे डोंगर असतात. स्वस्त, कोरडं, फोडायची गरज नाही. बाहेरच्या देशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. शिक्के वाचत बसणार कोण? रंग, ग्रीस, सांडलेलं केमिकल यांचा तर शिक्काही नसतो. फिटर असताना मी त्याच पॅलेटवर काय काय सांडताना पाहिलंय, ते सांगितलं तर तुम्ही बिर्याणीसुद्धा विचारून खाल. आणि खिळे. एका पॅलेटमध्ये इतके खिळे की चेन लावायची हिंमत होत नाही.

आता कटरबद्दल, कारण फोनवर सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच होते.

जर्मनीत आंद्रेआस श्टीलने १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी चेन सॉ आणली, तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागायची. आज पाच-सहा किलोचं मशीन पोरगंही उचलतं. धोका तिथंच आहे. ऑनलाइन मागवलेलं बावीस इंची बारचं (बार म्हणजे ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते ती) मशीन घेऊन गावातला कुणीही नवशिका झाडाखाली उभा राहतो, गळ्यात उपरणं, पायात चप्पल. उपरणं आधी काढा. सैल कापड चेनमध्ये गेलं की माणूस मशीनकडे ओढला जातो. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, कानात काहीतरी. एवढं नसेल तर कुऱ्हाड बरी. मी अठरा इंची बारच्या वर गेलो नाही. आमच्या कामाला तेवढा पुरतो आणि हाताला पेलतो.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग हा खरा घातक. तो कशाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येतं. पुढची पात असते ती चेन ब्रेकची, दांडा नव्हे. मनगट तिच्यावर आदळलं की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. काम सुरू करण्याआधी ती पात पुढे ढकलून बघायची. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच. आमच्या भागात झाडावर चढून, एका हाताने फांदी आणि एका हाताने कटर धरून कापणारे बहाद्दर आहेत. त्यांच्याबरोबर मी कामाला जात नाही. मग लोक मलाच म्हणतात, ‘भाऊ घाबरट आहे.’ असू दे.

आडव्या पडलेल्या ओंडक्याचे तुकडे पाडताना तो कुठं टेकलाय, हे आधी वाकून बघायचं. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरूनच कापत गेलात तर काप मिटतो आणि बार आत अडकून बसतो. तिथं वरून तिसरा हिस्सा कापायचा आणि उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं, दुसरं अधांतरी, तर उलट. आधी खालून थोडं, मग वरून. हे एकदा डोक्यात बसलं की मशीन अडकत नाही. अडकलंच तर ओढाओढ न करता इंजिन बंद करून कापात पाचर मारायची.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं. माझ्या मशीनला पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिली. काही मशीनला पंचवीसास एक सांगतात, ते पुस्तिकेत बघायचं, दुकानदाराच्या तोंडावर जायचं नाही. अंदाजाने बुचभर ओतणाऱ्यांची पिस्टनं मी उघडून पाहिली आहेत. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या पडद्याची वाट लावतं. त्यामुळे काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. पावसाळाभर तसंच भरलेलं ठेवलेलं मशीन दसऱ्याला पूजेपुरतंच उरतं.

चेनला वंगण लागतं त्याची टाकी वेगळी. बहुतेक लोक तिच्यात जळकं ऑइल ओततात, गाडीचं काढलेलं. फुकट मिळतं म्हणून. पण त्यातली कीस पंपात जाते, आणि ते तेल चेनवरून उडून लाकडावरच बसतं. तेच लाकूड उद्या माझ्या चुलीत जाणार. म्हणून मी सोयाबीनचं साधं खायचं तेल घालतो. भाऊ सुरुवातीला ओरडला होता, ‘गिऱ्हाइकाला तेल आणि मशीनलाही तेल?’ पण खर्च फारसा नाही आणि काम चोख होतं. अट एकच, मशीन बाजूला ठेवण्याआधी चेन आणि बार पुसून काढायचे. खायचं तेल पडून राहिलं की चिकट होतं, चेन बारला धरते. भज्यांचं वापरलेलं तेल तर अजिबात नको, ते आधीच चिकटायच्या वाटेवर असतं.

आणि कानस. चेनला धार आहे की नाही हे भुसा बघून कळतं. जाडसर, चौकोनी कपचे उडत असतील तर धार आहे. पीठ उडायला लागलं की थांबायचं. लोक थांबत नाहीत, मशीनवर रेटा देतात, मग बार तापतो, चेन सैल होते, माणूस दमतो आणि दमलेला माणूस चुका करतो. माझ्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. तीस अंशाच्या कोनात, प्रत्येक दाताला सारखे हात, आतून बाहेर. एका बाजूचे दात जास्त झिजले की काप तिरका जायला लागतो. पेट्रोल भरायला बसलो की मी दोन-दोन हात फिरवून घेतो. कंपनीत आमचे एक जुने मिस्त्री म्हणायचे, हत्याराला धार लावण्यात गेलेला वेळ हजेरीत धरायचा. बरोबरच होतं त्यांचं.

कटरने दोन तासांत टेम्पो भरेल इतके ओंडके पडतात. तिथून पुढं काम मुंगीच्या पावलाने चालतं.

फोडायला गिरणाऱ्याहून एक बाबा येतात, मूळचे पेठ तालुक्यातले. साठीच्या पुढचे असतील, अंगात शर्ट, कमरेला टॉवेल, आणि स्वतःची कुऱ्हाड. आमची कुऱ्हाड त्यांना चालत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी मला सुनावलं होतं, ‘भाऊ, बाभूळ ओली आहे तोवर बोलव. वाळल्यावर बोलावलंस तर मजुरी दुप्पट घेईन.’ खरंच आहे. ओली बाभूळ एका घावात उकलते, वाळल्यावर तिच्यावरून कुऱ्हाड उडते. बाबा ओंडका आधी फिरवून बघतात. कापलेल्या तोंडावर केसाएवढी चीर कुठं पडली आहे ती शोधतात, गाठ खालच्या बाजूला घेतात, आणि मोठ्या ओंडक्याच्या मधोमध कधीच मारत नाहीत. कडेने एकेक फोड काढत आत जायचं. मी जोर लावतो, ते कुऱ्हाडीचं वजन पडू देतात. दुपारपर्यंत माझे खांदे गेलेले असतात आणि ते तंबाखू मळत असतात.

चिंच आणि कडुनिंब बाबांनाही दाद देत नाहीत. त्यांचा तंतू पिळलेला, आत एकमेकांत गुंतलेला. तिथं पाचर आणि घण. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरतं, तिच्या कडा घासून काढाव्या लागतात, नाहीतर लोखंडाचा कण उडून डोळ्यात जातो. तरीही उकललं नाही तर मी ओंडका आडवा ठेवून कटरने तंतूच्या दिशेने लांब काप घेतो. त्यातून भुसा पडत नाही, लांबलचक शेवया निघतात आणि मशीनच्या कव्हरमध्ये गच्च बसतात. त्या काढत काढत करायचं. पण त्या वाळलेल्या शेवया पहाटे जाळ लावायला इतक्या सरस की वहिनी त्यांचं पोतं वेगळं ठेवतात.

फोडी दीड फुटाच्या, चुलीच्या तोंडाच्या मापाने. थप्पी रचायची ती जमिनीवर नाही, खाली विटा आणि त्यावर जुने अँगल. जमिनीला लाकूड टेकलं की वाळवी आलीच. वर पत्रा, चारी बाजू उघड्या. प्लास्टिकने गुंडाळून ठेवणारे लोक मी पाहतो, आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. बाभळीचं बाहेरचं पांढरं लाकूड घुणाला फार आवडतं, साल तशीच ठेवली तर सालीखाली पीठच पीठ. म्हणून जेवढी सुटेल तेवढी साल काढतो. थप्पीतून लाकूड काढताना वरून काढायचं, आधी काठीने ठोकायचं. विंचू तर नेहमीचा, घोणसही निघाली आहे. हात घालून मधलं लाकूड ओढणाऱ्या पोरांवर मी ओरडतो, ते तेवढ्यासाठी.

संक्रांतीच्या आधी तोडून फोडलेलं लाकूड चैत्र-वैशाखाच्या उन्हात मृगापर्यंत बऱ्यापैकी होतं. जाड बाभूळ असेल तर पुढच्या दिवाळीची वाट बघावी लागते. दोन फोडी एकमेकींवर आपटून बघायच्या. ठण्ण वाजल्या तर झाल्या, थप्प वाजल्या तर परत थप्पीत. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या चिरा हव्यात. वखारवाला ‘एकदम सुकं आहे’ म्हणाला तरी मी आपटून बघतो. तो चिडतो. पण आता त्याला सवय झाली आहे.

पंचाईत अशी की ज्या दिवसांत मला लाकूड गोळा करायचं असतं, त्याच दिवसांत द्राक्षवाल्यांनाही ते हवं असतं. डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पारा खाली गेला की बागांत पहाटे शेकोट्या पेटतात. २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास गेला होता, पानांवर बर्फ दिसला होता. पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या, मण्यांना अशा थंडीत तडे जातात. रात्रभर ठिबक चालवून आणि धूर करून बागायतदार जमेल तेवढी ऊब धरतात. अशा आठवड्यात ओलं-सुकं काहीही विकलं जातं. आणि तिथं ओलंच बरं, त्यांना धूरच हवा असतो! मी माझ्याकडची न वाळलेली सुबाभूळ अशा वेळी देऊन टाकतो आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडून दुसरं काहीतरी घेतो.

थप्पीचा एक कोपरा मात्र आम्ही जाळत नाही, विकतही नाही. पावसाळ्यात वस्तीवर कुणी गेलं की कोरडं लाकूड मिळणं मुश्कील, आणि सरणाला सात-आठ मण तरी लागतं. पहिल्यांदा कुणी मागायला आलं तेव्हा भाऊ वजनकाटा काढायला गेला होता, तर वहिनींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तेव्हापासून तो कोपरा भरलेला असतो. तिथली फोड न् फोड जाड बाभळीची किंवा आंब्याची, आणि ती मोजायची नाही.

झाड तोडण्याबद्दल लोक मला टोकतात, आणि टोकावंच. २०२५ च्या शेवटी नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी काढायचा विषय पेटला तेव्हा तर मिसळ खायला आलेल्या एका ताईंनी मागची थप्पी बघून मला सरळ विचारलं, ‘हे सगळं कुठून तोडलं?’ मला तो प्रश्न आवडला. मी त्यांना प्रत्येक ढिगापाशी नेऊन सांगितलं. ही बांधावरची बाभूळ, वादळात आडवी झालेली. ही सुबाभूळ, शेतकऱ्याने स्वतःच लावलेली, तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटणारी. ही द्राक्षं. खासगी जमिनीतलं असलं तरी आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, हिरडा अशी झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा, तिथं तर अंगणातलं झाडसुद्धा मालकाच्या मर्जीवर नाही. शेतकरी कागद दाखवतो, मग मी मशीनची दोरी ओढतो. ‘आपलंच झाड आहे हो, कोण बघतंय’ हे वाक्य ऐकलं की मी टेम्पो वळवतो. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, हा नियम कायद्यातला नाही, आमच्या आईचा आहे. त्या ताईंना सगळं पटलं असं नाही. ‘तरी झाड ते झाडच,’ म्हणाल्या. पण दुसरा पाव मागवला.

मग गॅसच का नाही वापरत सगळीकडे, हाही प्रश्न येतो. धंद्याचं उत्तर सरळ आहे. पाटीवर चूल आहे म्हणून लोक शहरातून इतक्या लांब येतात. आणि माझं उत्तर असं की बांधावर पडलेली बाभूळ आणि काढलेली बाग यांना नाहीतर तिथंच काडी लागते. तिकडे नुसता धूर होणार, तर इकडे रस्सा होऊ दे. वहिनींचं उत्तर तिसरंच आहे. त्या म्हणतात, मला गॅसजवळ उभं राहावं लागतं, चुलीपुढं बसता येतं.

सध्या गिरणाऱ्याजवळ एका मळ्यात निलगिरीची रांग काढायची आहे. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली, आता पार उंच गेलेली, आणि दोन झाडं नेमकी विजेच्या तारांवर झुकलेली. मालकाला घाई आहे. वायरमन येऊन लाइन बंद करत नाही तोवर त्या दोघांना मी हात लावणार नाही. बाकीची कापून ठेवू. निलगिरी ओली असतानाच सरळ उकलते, त्यामुळे बाबांना त्याच आठवड्यात निरोप धाडलाय.

तुमच्याकडे बांधावर पडलेली बाभूळ असेल किंवा बाग काढणार असाल तर सांगा. काटेरी तार झाडाला ठोकलेली असेल तर आधीच सांगा, झाडात जिथं जिथं गेली असेल तिथं चुन्याची खूण करून ठेवा. कागदपत्रं तयार ठेवा. आणि रविवारी फोन करू नका, रविवारी मी प्लेटा उचलत असतो.